फौंड्रीतली धूळ, मामांचा दम आणि दोनदा झालेला 'टीबी': माहिती हवी आहे

इंद्रायणीकाठ

नमस्कार मंडळी. माझे मोठे मामा भोसरी एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत (धातू ओतून सुटे भाग बनवणारा कारखाना) फेटलिंगला होते. आधी रोजंदारीवर, मग ठेकेदाराकडे, अशी वीसेक वर्षं. साच्यातून निघालेल्या कास्टिंगला चिकटलेली वाळू छिन्नीने पाडायची आणि ग्राइंडरने कडा घासून साफ करायच्या, हे त्यांचं काम.

चारेक वर्षांपूर्वी खोकला सुरू झाला, मग दम लागायला लागला. एक्स-रे बघून टीबीचा सहा महिन्यांचा कोर्स दिला. थुंकीत काहीच सापडलं नव्हतं. पुढे दम वाढला, परत एक्स-रे, परत तोच कोर्स. यंदा दिवाळीनंतर जिना चढवेना, म्हणून छातीच्या एका डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी एचआरसीटी (छातीचा बारकाईने सीटी स्कॅन) काढायला लावला आणि मामांना विचारलं, "आयुष्यभर काम काय केलंत?" एवढ्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच कोणीतरी विचारला. मामांनी सांगितलं, तसे ते म्हणाले, हा सिलिकोसिस आहे.

यावर उपाय असतो का? ठेकेदाराकडच्या माणसाला भरपाई मिळते का? आणि मला सगळ्यात जास्त घोर लागलाय तो मामेभावाचा. तोही त्याच लायनीत आहे, मोल्डिंगला. त्याने काय करावं? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहा.

नाना_कसबा

वाचून वाईट वाटलं. मामांना जपा. त्यांना रोज जेवणानंतर गुळाचा खडा द्या. माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती, ते शेवटपर्यंत खायचे.

डॉ_मेघना

इंद्रायणीकाठ, स्पष्टच लिहिते, कारण अर्धवट आशेवर लोक फार पैसे घालवतात.

सिलिकोसिस बरा करणारं औषध नाही. वाळूतलं स्फटिकरूप सिलिका, म्हणजे क्वार्ट्झ, याचे अतिसूक्ष्म कण श्वासाबरोबर फुफ्फुसाच्या पार टोकाच्या वायुकोशांपर्यंत जातात. दहा मायक्रॉनपेक्षा मोठे कण बहुतेक नाकात-घशात अडकतात. चार-पाच मायक्रॉनच्या खालचे कण थेट आत पोचतात, आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. आपल्या पेशी त्यांना गिळायला जातात आणि स्वतःच मरतात. त्यातून सूज येते, तिथे व्रण धरतो, गाठी होतात आणि फुफ्फुस कडक होत जातं. काम सोडल्यावरही हे पुढे सरकत राहू शकतं.

बहुतेकांना दहा वर्षांहून जास्त धूळ खाल्ल्यावर त्रास सुरू होतो. धूळ फारच दाट असेल तर पाच-दहा वर्षांत, आणि बंदिस्त जागेत सँड ब्लास्टिंगसारखं (हवेच्या जोराने वाळू मारून साफ करण्याचं) काम असेल तर काही महिन्यांतही होतो.

टीबीबद्दल. सिलिकोसिसच्या गाठी बहुधा फुफ्फुसाच्या वरच्या भागात दिसतात आणि टीबीचंही तेच. त्यामुळे नुसत्या एक्स-रेवर गल्लत होते. पण आधीच्या डॉक्टरांनी उगाच औषधं दिली असं इतक्यात म्हणू नका. सिलिका साठलेल्या फुफ्फुसात टीबी होण्याचा धोका अनेक पटींनी वाढतो, दोन्ही एकत्रही असतात. म्हणून थुंकीची सीबीनॅट तपासणी (टीबीचे जंतू शोधणारी) झाली नसेल तर आता करून घ्या. ताप, वजन उतरणं, रात्री घाम यातलं काही परत दिसलं तर थांबू नका.

करण्यासारखं बरंच आहे. विडी-तंबाखू पूर्ण बंद. फ्लू आणि न्यूमोनियाच्या लसी. श्वासनळ्या आकसत असतील तर इन्हेलर, ऑक्सिजन कमी राहत असेल तर घरी ऑक्सिजन. श्वसनाचे व्यायाम शिकवणाऱ्याकडे नियमित न्या, त्याने चालण्यात खरंच फरक पडतो. काही रुग्णांत व्रण वाढण्याचा वेग कमी करणारी औषधं देतात, ते तुमचे डॉक्टर ठरवतील. आणि मामेभावाची स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून फुफ्फुसाची ताकद मोजणं) व एक्स-रे याच महिन्यात करा.

मृणाल_प

वाचतेय. मेघनाताई, फुफ्फुसं धुऊन काढतात असं ऐकलंय, ते खरं का?

डॉ_मेघना

काही मोजक्या आजारांत सलाइनने धुतात. मामांसारख्या जुन्या सिलिकोसिसमध्ये तो मान्य उपचार नाही. कण आता व्रणाच्या आत बसलेत, पाण्याने निघत नाहीत. कोणी पॅकेज सांगून पैसे मागितले तर देऊ नका.

साच्यातला

मी पंचवीस वर्षं फौंड्रीच्या धंद्यात आहे, आता कन्सल्टिंग करतो. मामेभावासाठी लिहितो.

आपल्या फौंड्र्यांत येणारी सिलिका वाळू म्हणजे जवळजवळ शुद्ध क्वार्ट्झ. कणकवलीकडची, कासार्डे-फोंडा भागातली वाळू अनेकांनी वापरली असेल. ग्रीन सँड मोल्डिंग करताना वाळू ओलसर असते, बेंटोनाइट नावाची चिकणमाती आणि कोळशाची पूड मिसळलेली, तेव्हा धूळ त्या मानाने कमी. खरा त्रास पुढे आहे. धातू ओतला की साच्याजवळची वाळू करपून कोरडी होते. नॉकआउटला साचा फोडला की जो लोट उठतो, तो पहिला. मग शॉट ब्लास्टिंग, म्हणजे बारीक छर्रे मारून कास्टिंग साफ करणं, मग फेटलिंग. मामा नेमके त्याच टोकाला होते. वाळू परत मळायच्या मिलमध्ये घालताना आणि कन्व्हेयरखालचं साफ करतानाही भरपूर उडते, आणि ते काम हमखास सगळ्यात नवख्या पोराला देतात.

आता एक गोष्ट जी मी शंभरातल्या नव्वद ठिकाणी बघतो. शिफ्ट सुटली की माणसं रांगेत उभी राहतात आणि कॉम्प्रेसरच्या पाइपने एकमेकांच्या अंगावर एअर मारतात. डोकं, मान, पाठ, खिसे, सगळं. दिवसभर कपड्यात बसलेली बारीक धूळ त्या मिनिटभरात तोंडासमोर ढग होऊन येते, आणि तेव्हा मास्क काढलेला असतो, कारण ड्युटी संपलेली असते. मामेभावाला सांगा, उद्यापासून एअर मारणं बंद. कपडे तिथेच बदलायचे, अंग धुऊन घरी यायचं. जमीनही कोरड्या झाडूने झाडायची नाही. पाणी शिंपडून किंवा व्हॅक्यूमने.

मास्कचं म्हणाल तर तोंडाला बांधलेला रुमाल किंवा पंचा हा फक्त दिसणाऱ्या धुळीसाठी आहे. निळा सर्जिकल मास्कही तसाच. एन-९५ किंवा आयएस ९४७३ प्रमाणे एफएफपी-२ लिहिलेला हवा, चेहऱ्याला घट्ट बसलेला. दाढी असेल तर कडेने हवा आत येते. ओला झाला किंवा श्वास जड जायला लागला की बदलायचा.

पण मास्क हा शेवटचा उपाय आहे. फेटलिंगच्या टेबलाला खालून किंवा मागून सक्शन हवं, नॉकआउटवर हूड हवा, डस्ट कलेक्टरच्या बॅगा वेळेवर झटकलेल्या हव्यात. मी जिथे जातो तिथे कलेक्टर बसवलेला असतो, पण बॅग फाटलेली असते आणि मोटर बंद असते. ऑडिटच्या दिवशी चालू.

मावळा_७७

साच्यातला, कडक प्रतिसाद. पण फौंड्री सोडा हो, वाघोली-मोशीच्या खाणी आणि खडी क्रशर बघा. तिथली बाया-माणसं पांढरी होऊन घरी जातात. सगळ्यांना सिलिकोसिस असणार, लिहून देतो. आमच्या वडार समाजातली किती माणसं पन्नाशीच्या आत गेली, त्याची कोणी नोंद ठेवली?

खडक_आणि_खनिज

मावळा_७७, तुमचा राग रास्त आहे, पण एक भूशास्त्रीय बाब नोंदवतो, कारण पुढे भरपाईच्या प्रकरणात ती आडवी येते.

पुण्याचा काळा दगड म्हणजे दख्खनचा बेसॉल्ट. त्यात सिलिका साधारण निम्मी असते, पण ती फेल्डस्पार, पायरॉक्झीन अशा खनिजांत बांधलेली असते. मोकळा क्वार्ट्झ फार थोडा. सिलिकोसिस होतो तो मोकळ्या स्फटिकरूप सिलिकाने. राजस्थानचा वालुकाश्म बहुतांशी क्वार्ट्झ असतो, म्हणून तिथल्या खाणकामगारांत आणि मूर्ती-जाळी कोरणाऱ्यांत हा आजार एवढा माजलाय. ग्रॅनाइटमध्ये मोकळा क्वार्ट्झ साधारण पाव ते एक तृतीयांश. संगमरवरात अगदी थोडा.

अर्थात बेसॉल्टच्या पोकळ्यांमध्ये गारगोटी आणि कॅल्सेडनी, म्हणजे मोकळी सिलिकाच, भरलेली असते, तीही फुटतेच. (अवांतर: वाघोलीच्या खाणींत याच पोकळ्यांमध्ये कॅव्हन्साइट नावाचं निळंशार खनिज मिळालं. जगभरचे संग्राहक त्यासाठी वेडे आहेत.)

मावळा_७७

म्हणजे क्रशरवाल्यांना क्लीन चिट? संग्राहकांना निळे खडे आणि आम्हाला खोकला?

खडक_आणि_खनिज

मुळीच नाही. आजाराचं नाव वेगळं असेल इतकंच म्हणतोय. छातीचा एक्स-रे स्वच्छ आला म्हणून त्या बाईला काही झालेलं नाही असं कोणी म्हणायला नको.

डॉ_मेघना

दोघंही बरोबर आहात. कुठलीही बारीक खनिज धूळ वर्षानुवर्षं आत गेली की श्वासनळ्यांना कायमची सूज येते आणि सीओपीडी होतो, विडी न ओढताही. पुण्याचेच डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासोबत २००९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात नेमका हाच विषय मांडला होता, धूम्रपान न करणाऱ्यांमधला सीओपीडी. चुलीचा धूर आणि कामावरची धूळ ही त्यातली मोठी कारणं. क्रशरवर काम करून घरी चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या छातीत दोन्ही जातं.

सीओपीडी एक्स-रेत सुरुवातीला दिसत नाही, स्पायरोमेट्रीत दिसतो. म्हणून खाणीवर आरोग्य शिबिर घ्यायचं असेल तर फुंकायचं यंत्र न्या, नुसतं स्टेथोस्कोप लावून आणि कफ सिरप वाटून येऊ नका.

सुप्रिया_कोथरूड

हा धागा वाचून कालपासून अस्वस्थ आहे. आमच्या फ्लॅटचं काम चालू आहे. ओट्याचा ग्रॅनाइट कापणारा मुलगा जेमतेम विशीचा. बाल्कनीत उकिडवा बसून सिंकचा गाळा कोरत होता, कोरड्या कटरने. दार लावून घेऊनही घरातली भांडी, पुस्तकं, देवघर सगळं पांढरं झालं. मी चिडले होते ते घर खराब झालं म्हणून. तो मात्र त्या ढगाच्या मधोमध, ओठावर रुमालही नाही, पापण्या पांढऱ्या.

आज त्याला एन-९५ दिला आणि ठेकेदाराला सांगितलं, पाणी टाकूनच कापायचं. ठेकेदार म्हणतो, मॅडम पाण्याने चिखल होतो, खालचे लोक ओरडतात, वेळ दुप्पट लागतो. मी म्हटलं, लागू दे. शेवटी दुसऱ्या मुलाने बाटलीच्या झाकणाला भोकं पाडून पातीवर पाण्याची धार धरली आणि काम झालं. धूळ जवळजवळ गायब. एवढं सोपं होतं!

साच्यातला

सुप्रियाताई, फार चांगलं केलंत. पाण्यावर कापताना कटर अर्थिंगवाला आणि लाइनला आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असलेला बघा, शॉकचा धोका असतो. शक्य असेल तर माप घेऊन दुकानातच कापून आणायला सांगा, तिथे पाण्याची मोठी मशीन असते.

आणि अजून ओटा ठरवायचा असणाऱ्यांसाठी: हल्ली 'क्वार्ट्झ' म्हणून जे तयार स्लॅब मिळतात त्यात क्वार्ट्झची पूड रेझिनमध्ये बसवलेली असते, सिलिका नव्वद टक्क्यांच्या आसपास किंवा जास्त. ते कोरडं कापणाऱ्या तिशी-पस्तिशीतल्या पोरांची फुफ्फुसं गेली, म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच आणली.

वायरमन_अण्णा

इलेक्ट्रिकलवाले आम्ही भिंतीला झिरी मारतो ती पण हीच धूळ ना? वॉल कटर लावला की समोरचा माणूस दिसत नाही. मी आता कटरला व्हॅक्यूम जोडलाय. महाग पडला पण हेल्पर टिकतो.

डॉ_मेघना

हो अण्णा, हीच. प्लास्टरमधली वाळू, वीट, काँक्रीट, टाइल, सगळ्यात क्वार्ट्झ असतो. तुमचा उपाय उत्तम आहे.

गिरणगावची_लेक

आता पुण्यात असले तरी वाढले लालबागला. आमचे बाबा गिरणीत कार्डिंग खात्यात, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात, होते. रविवारी बरे असायचे, बाजारात जायचे, आम्हाला फिरवायचे. सोमवारी संध्याकाळी घरी आले की छाती धरून बसायचे. आई म्हणायची, सोमवार यांना मानवत नाही. मंगळवार-बुधवारपर्यंत जरा सैल व्हायचं. १९८२ च्या संपात गिरणी बंद पडली तेव्हा घरात पैसा नव्हता, पण बाबांचा श्वास मोकळा झाला होता. आम्हाला ते तेव्हा कळलंच नाही.

डॉ_मेघना

ताई, तुम्ही बिसिनोसिसचं पाठ्यपुस्तकातलं वर्णन लिहिलंत. कापसाची धूळ. सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, मग आठवडाभरात कमी होते. पुढे पुढे रोजच राहते. सुरुवातीलाच धूळ थांबली तर हा आजार मागे फिरू शकतो. सिलिकोसिसमध्ये ती सोय नाही.

चिपाड

बारामती भागातून. साखर कारखान्यात बगॅस डेपोला, म्हणजे उसाचं चिपाड साठवतात तिथे, होतो. ताजं चिपाड ओलं असतं, त्याचं काही नाही. गेल्या हंगामातल्या गंजी फोडायला घेतल्या की दुपारनंतर थंडी वाजून ताप, कोरडा खोकला, अंग मोडून येणं. सकाळी बरं. सगळे म्हणायचे मलेरिया. गावच्या डॉक्टरांनी मलेरियाच्या गोळ्या दिल्या. नंतर ससूनमधून आलेल्या एका शिकाऊ डॉक्टरांनी ओळखलं, साठवलेल्या चिपाडात बुरशीसारखे जीव वाढतात त्यांची ही ॲलर्जी, बगॅसोसिस. बदली बॉयलर हाऊसला झाली आणि थांबलं. तेच काम धरून ठेवलं असतं तर फुफ्फुस कायमचं कडक झालं असतं म्हणाले.

पेठेतला_पोपट

मग आमच्या वाड्यातल्या कबुतरांचंही तेच ना? शेजारचे आजोबा रोज ज्वारी टाकतात.

डॉ_मेघना

हो, त्याच जातीचा आजार. विष्ठा आणि पिसांच्या धुळीची ॲलर्जी. आजोबांना प्रेमाने समजवा.

पेठेतला_पोपट

आजोबांना समजावणं अवघड आहे, पण नातीला पुढे करतो. तिचं ऐकतात.

मृणाल_प

कबुतरांवर स्वतंत्र धागा काढा ही विनंती, इथे मामांचं राहून जाईल.

पण त्याआधी गुळाचं काय ते कळू द्या. आमच्या कंपनीत पेंट शॉपला रोज गूळ-शेंगदाणे देतात.

नाना_कसबा

गुळावर मी ठाम आहे. आपले जुने लोक काही वेडे नव्हते.

खडक_आणि_खनिज

नानासाहेब, तुमच्या बाजूने एक पुरावा आहे. लखनौच्या विषविज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी उंदरांना कोळसा आणि सिलिकाची धूळ देऊन मग गूळ खाऊ घातला होता. गूळ खाल्लेल्या उंदरांत कण फुफ्फुसातून जास्त प्रमाणात बाहेर नेले गेले असं त्यांना दिसलं. १९९४ साली ते छापून आलं.

डॉ_मेघना

उंदरांत. माणसात गुळाने सिलिकोसिस टळला असं सिद्ध झालेलं नाही. नानाकाका, गूळ खायला माझी हरकत नाही, मधुमेह नसेल तर. माझी हरकत आहे ती कंपनीने डस्ट कलेक्टरऐवजी गूळ देण्याला. तीस रुपयांचा गूळ वाटून 'आम्ही कामगारांची काळजी घेतो' असा फोटो लावलेला मी स्वतः पाहिलाय, आणि त्याच शेडमध्ये एक्झॉस्टचा पंखा जळून पडलेला होता.

नाना_कसबा

हे मात्र पटलं. गूळ घरी खावा, पंखा कारखान्याने चालवावा.

कायदेकानू

उशिरा येतोय. कामगारांच्या बाजूने खटले चालवतो, म्हणून भरपाईचा प्रश्न घेतो.

सिलिकोसिस १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत अधिसूचित, म्हणजे सरकारला कळवणं बंधनकारक असलेला, आजार होता. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या कामगार संहितांमध्येही ही यादी आहे. अर्थ असा की कारखान्यात काम करणाऱ्या माणसाला हा आजार आहे असं डॉक्टरला वाटलं, तर त्याने ते कारखाने निरीक्षणालयाला लेखी कळवायचं असतं. महाराष्ट्रात ते खातं म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, त्याचं कार्यालय पुण्यात आहे. बहुसंख्य डॉक्टर कळवत नाहीत. निम्म्यांना ही जबाबदारी आपली आहे हेच माहीत नसतं. इंद्रायणीकाठ, तुमच्या डॉक्टरांना नम्रपणे विनंती करा: केसपेपरवर 'सिलिकोसिस' हा शब्द, कामाचं स्वरूप आणि किती वर्षं काम केलं हे तिन्ही लिहून द्या. 'दोन्ही फुफ्फुसांत व्रण' एवढंच लिहिलेला कागद पुढे कुठेच उपयोगी पडत नाही.

भरपाईच्या दोन वाटा. मामांचं ईएसआय (कामगार राज्य विमा) कापलं जात होतं का? असेल तर ईएसआयकडेच जायचं. व्यावसायिक आजाराला तिथे कामावरच्या अपघातासारखंच धरतात, वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती गेली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात आयुष्यभर मासिक रक्कम मिळते. ईएसआयमध्ये असलेल्याला त्याच आजारासाठी १९२३ च्या भरपाई कायद्याखाली (नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला) वेगळा दावा लावता येत नाही. ईएसआय नसेलच, तर मात्र त्या कायद्याची वाट. तिथे मुदत दोन वर्षांची, पण सबळ कारण असेल तर उशीर माफ होतो, आणि चुकीचं निदान हे सबळ कारण म्हणून मांडता येतं.

ठेकेदाराचा माणूस म्हणून कंपनी हात झटकेल. झटकू देऊ नका. काम कंपनीच्या शेडमध्ये, कंपनीच्या मालावर झालं असेल तर मूळ मालकाची जबाबदारी राहते.

इंद्रायणीकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री मामांशी बसून बोलले. ठेकेदार तीनदा बदलले, हजेरीकार्डं कोणीच दिली नाहीत. ईएसआयचं कार्ड मधल्या एका ठेकेदाराने काढलं होतं, ते पुरात भिजून गेलं. मामांनी अजून एक गोष्ट सांगितली. कंपनीत दरवर्षी तपासणीची एक्स-रे व्हॅन यायची. त्या दिवशी ठेक्यावरच्या फेटलिंगवाल्यांना सुट्टी द्यायचे, भरपगारी. मामांना वाटायचं, मालक चांगला आहे.

आता पुरावा कुठून आणायचा?

मावळा_७७

भरपगारी सुट्टी!! डोकं फिरलं वाचून.

कायदेकानू

ताई, हे तारखा आठवतील तशा लिहून काढा आणि मामांची सही घ्या. तेव्हा सोबत असलेले दोघे-तिघे शोधा, त्यांचीही प्रतिज्ञापत्रं करता येतील.

कार्ड भिजलं तरी विमा क्रमांक रेकॉर्डवर असतो. आधार आणि जुना मोबाइल नंबर घेऊन ईएसआयच्या शाखा कार्यालयात जा. पीएफ कापला गेला असेल तर यूएएन (पीएफचा कायमचा क्रमांक) काढा, संकेतस्थळावर सेवेचा इतिहास दिसतो, त्यात मालकाचं नाव आणि तारखा येतात. मजुराकडे काही नसलं तरी पीएफची नोंद सापडते, असं मी अनेकदा पाहिलंय. बँकेच्या पासबुकात पगार जमा झाला असेल तर तीही पानं. आणि जुने एक्स-रे कृपा करून रद्दीत देऊ नका.

वायरमन_अण्णा

कोर्टाने म्हणे कंपन्यांना चाळीस वर्षं कामगारांच्या तब्येतीचं रेकॉर्ड ठेवायला सांगितलंय?

कायदेकानू

सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निकाल. तो ॲस्बेस्टॉस उद्योगाबद्दल होता, कारण त्या तंतूंनी होणारे आजार वीस-तीस-चाळीस वर्षांनी उगवतात. कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे असं न्यायालयाने त्यात म्हटलं, आणि ते तत्त्व मी सिलिकाच्या प्रकरणातही मांडतो. अण्णा, तुमच्या हेल्परांना सांगा, जुन्या शेडचे सिमेंटचे पत्रे कोरडे फोडू नका, भोकं पाडताना पाणी मारा.

बांधकामावरच्यांसाठी एक: मागच्या वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला असेल तर राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी होते. सुप्रियाताईंकडच्या त्या मुलाची झाली आहे का, विचारा.

मावळा_७७

राजस्थानने २०१९ मध्ये वेगळं धोरण केलं. मंडळाने प्रमाणपत्र दिलं की आजारी माणसाला ३ लाख, मृत्यूनंतर घरच्यांना २ लाख, शिवाय पेन्शन. मालक कोण, कागद कुठाय, हे विचारत बसत नाहीत. आपल्या राज्यातही असंच हवं. खाणीवरचा माणूस आज इथे, उद्या तिथे. तो कुठला मालक दाखवणार?

कायदेकानू

शंभर टक्के सहमत. पैसा सरकारने आधी द्यावा आणि मालकांकडून वसूल करावा.

साच्यातला

एक आकडा इथे ठेवतो, मागणी करणाऱ्यांच्या कामी येईल. अमेरिकेने २०१६ मध्ये श्वासात जाणाऱ्या क्रिस्टलाइन सिलिकाची मर्यादा घनमीटरला ०.०५ मिलिग्रॅम केली. आपल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात ती सूत्राने काढायचे: क्वार्ट्झच्या टक्केवारीत दोन मिळवायचे आणि त्याने दहाला भागायचं. शुद्ध क्वार्ट्झची धूळ असेल तर साधारण ०.१ येते, म्हणजे दुप्पट सैल. आणि तीही मोजतं कोण? छोट्या फौंड्रीत हवेचा नमुना घेणारा पंप मी क्वचितच बघितलाय.

हे सगळं नवं नाही. ब्रिटनने कास्टिंग साफ करायला वाळूचं ब्लास्टिंग १९४९ सालीच बंद केलं. स्टीलचे शॉट मिळतात, मोल्डिंगला काही ठिकाणी ऑलिव्हीन वाळू चालते, तिच्यात मोकळा क्वार्ट्झ जवळपास नसतो. महाग आहे, मान्य. पण कास्टिंगच्या भावात ते धरायला गिऱ्हाइकाने, म्हणजे मोठ्या गाड्यांच्या कंपन्यांनी, तयार व्हायला हवं. भाव पाडून घ्यायचा आणि वर सुरक्षिततेची प्रश्नावली पाठवायची, हे दोन्ही एकदम चालत नाही.

डॉ_मेघना

माझ्या व्यवसायातल्यांसाठी एक विनंती. तीनशे वर्षांपूर्वी इटलीत रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने सांगून ठेवलंय की रोग्याला त्याचा धंदा विचारा. आपल्या ओपीडीत तीन मिनिटं मिळतात हे मलाही माहीत आहे. तरी एकच प्रश्न वाढवा, आणि 'कंपनीत आहे' या उत्तरावर थांबू नका. कंपनीत कुठल्या खात्यात, आधी कुठे, गावी काय करायचा, हे विचारा. वॉचमन म्हणून आलेला माणूस आधी पंधरा वर्षं क्वार्ट्झच्या कारखान्यात असू शकतो.

इंद्रायणीकाठ

थोडं पुढे सरकलंय ते सांगते. मामांचा यूएएन सापडला, त्यात दोन ठेकेदारांची मिळून अकरा वर्षं दिसतात. डॉक्टरांनी केसपेपर नीट लिहून दिला आणि संचालनालयाला पाठवायचं पत्रही दिलं. सीबीनॅट निगेटिव्ह आली. व्यायामाला जायला लागलेत.

भावाचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री सध्या ठीक आहे. त्याने एअर मारणं बंद केलं, तर बाकीचे हसले. साच्यातला यांचा प्रतिसाद मी त्याला वाचायला दिला होता, तो त्याने जेवणाच्या सुट्टीत मोठ्याने वाचून दाखवला. आता आणखी चौघं तपासणीला यायचं म्हणतायत, आणि मामांच्या वेळचे दोघे भेटले, त्यांनाही दम लागतो. त्यातल्या एकाचा टीबीचा कोर्स आत्ता चालू आहे.

या सगळ्यांचा मिळून एकच अर्ज करता येतो का?

कायदेकानू

भरपाईचा अर्ज प्रत्येकाचा वेगळा, कारण आजाराची टक्केवारी आणि पगार वेगळा. पण कारखान्याची तपासणी करा, हवेचे नमुने घ्या, ठेक्यावरच्या सगळ्यांची वैद्यकीय तपासणी लावा, ही तक्रार संचालनालयाकडे एकत्र करता येते. तक्रारदाराचं नाव गुप्त ठेवण्याची विनंती पहिल्याच ओळीत करा, भाऊ अजून तिथे नोकरीला आहे. मसुदा व्यनि (खाजगी निरोप) करतो. ज्यांचा कोर्स चालू आहे त्यांनी औषधं स्वतःहून थांबवू नयेत, मेघनाताई सांगतील.

डॉ_मेघना

अजिबात थांबवू नका. दोघांनाही जुने एक्स-रे, चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि कामाची वर्षं लिहिलेला कागद घेऊन पाठवा. उपाशीपोटी यायची गरज नाही, इन्हेलर घेत असतील तर सोबत आणा. वेळ व्यनित कळवते.